लॅपटॉप कोणाच्या नावावर?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सभागृहात रविवारी सकाळी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



समितीने मला विषय दिला तो 'नवा लॅपटॉप घेताना'. मी म्हटलं, घेताना नको, घेतल्यानंतरचं बोलू या. कोणता घ्यायचा हे सांगायला दुकानात माणसं असतात, घरात भाचे-पुतणे असतात, लिफ्टमध्ये भेटणारे सगळेच असतात. खोकं घरी आलं की मात्र सगळे पांगतात. मी वीसेक वर्षं एका कंपनीच्या संगणक विभागात काम करते. माझं मुख्य काम म्हणजे नव्या माणसाच्या हातात लॅपटॉप द्यायचा आणि नोकरी सोडणाऱ्याकडून तो परत घ्यायचा. परत घेताना जे निस्तरावं लागतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा पहिल्या दिवशी काय केलं यात असतं. म्हणून आज त्या पहिल्या दिवसाबद्दल, किंबहुना पहिल्या तासाबद्दलच जास्त बोलणार आहे.

आपल्याकडे एवढ्यात इतकी खोकी का आली, ते आधी सांगते. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. म्हणजे जुना लॅपटॉप त्या दिवशी बंद पडला असं नाही, तो चालतोच. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्यामुळे २०१६-१७ चे धडधाकट लॅपटॉपही बाद झाले. ज्यांना इतक्यात नवा घ्यायचा नाही, त्यांनी सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन वाढीव मुदतीसाठी नोंदणी करावी, ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या मिळतात. उगाच घाई करून घेऊ नका. दुकानदाराला माझा राग आला तरी चालेल.

आता खोकं. बिल नीट बघा: जीएसटीचं बिल हवं, त्यावर लॅपटॉपचा सिरीयल नंबर हवा, आणि तो लॅपटॉपच्या पोटावरच्या नंबराशी जुळायला हवा. कंपनीच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकला की वॉरंटी कधीपासून धरली आहे ते दिसतं. तुम्ही आज घेतला आणि तिथे चार महिन्यांपूर्वीची तारीख दिसत असेल, तर बिल दाखवून ती बदलून घ्या. हे पहिल्या आठवड्यात सहज होतं, दोन वर्षांनी नाही. आणि हो, ५१२ जीबी म्हणून घेतलेल्या डिस्कवर ४७६ जीबीच दिसली म्हणून भांडायला जाऊ नका. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. वस्तू तीच, मापं दोन.

तर मुख्य मुद्दा. आपण सगळे फ्लॅटवाले आहोत, म्हणून आपल्याच भाषेत सांगते. फ्लॅट घेतल्यावर आपण काय बघतो? शेअर सर्टिफिकेटवर नाव कोणाचं आहे. रंग कुठला, टाइल्स कुठल्या, ते नंतर. लॅपटॉपलाही असं एक शेअर सर्टिफिकेट असतं. पहिल्यांदा चालू केल्यावर तो देश विचारतो, कीबोर्ड विचारतो, वायफाय विचारतो आणि मग ईमेल विचारतो. तिथे जो ईमेल घालाल, त्याच्या नावावर लॅपटॉप होतो. बिलावर कोणाचंही नाव असो.

आणि नेमकं हेच काम आपण दुसऱ्यावर सोपवतो. दुकानातला मुलगा म्हणतो, "काका, सगळं सेट करूनच देतो." आपण म्हणतो, बरं झालं, डोक्याचा ताप गेला. त्याला पंधरा मिनिटांत पुढचं गिऱ्हाईक बघायचं असतं. तो स्वतःचा, नाहीतर दुकानाचा ईमेल टाकतो किंवा तिथल्या तिथे एक नवा बनवतो, पासवर्ड त्यालाही आठवत नाही. आपल्याला चार आकडी पिन देतो. पिनने लॅपटॉप उघडतो, म्हणून आपल्याला वाटतं, झालं.

यामागे तीन गोष्टी गुपचूप घडलेल्या असतात. पहिली म्हणजे, लॅपटॉपबरोबर एमएस ऑफिस मिळालेलं असेल तर तेही त्या ईमेलला जोडलं जातं. दुसरी, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटोंचे फोल्डर त्याच अकाउंटच्या वनड्राइव्हवर जाऊ लागतात. तिसरी सगळ्यात मोठी, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. आजकालच्या बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने प्रवेश केला की डिस्कवरचा सगळा मजकूर आपोआप कुलूपबंद होतो. याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. बिटलॉकर हे नावही ऐकलं असेल. सोय चांगलीच आहे. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला डिस्क काढूनही काही वाचता येत नाही. पण या कुलपाची एक किल्ली असते, ४८ आकड्यांची, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती किल्ली जाऊन बसते त्या ईमेलच्या अकाउंटमध्ये.

एरवी ही किल्ली कोणी विचारत नाही. वर्षानुवर्षं विचारत नाही. मग एखाद्या दिवशी मदरबोर्ड बदलला जातो, किंवा आतली बायॉस अद्ययावत होते, आणि लॅपटॉप निळा पडदा दाखवून म्हणतो: किल्ली द्या.

आपल्याच एका विंगमधल्या काकूंचं हे झालं. त्यांच्या परवानगीने सांगते, नाव सांगत नाही. काकांनी निवृत्तीनंतर लॅपटॉप घेतला, दुकानातूनच तयार करून आणला. त्यावर त्यांनी दोन वर्षं बसून घरातले सगळे जुने फोटो स्कॅन करून ठेवले. काकूंच्या आईचा एकुलता एक फोटो, मुलांची बारशी, आणि गावच्या घराचे, जे घर आता नाही. मूळ फोटो बरेचसे वाळवीने आणि दमटपणाने गेले होते, म्हणूनच तर त्यांनी ते हाती घेतलं होतं. काका गेले. वर्षभराने लॅपटॉप बिघडला, दुरुस्ती केंद्राने मदरबोर्ड बदलला, अगदी वॉरंटीत, एक रुपया न घेता. परत आला तो निळ्या पडद्यासह.

काकूंनी मला बोलावलं. पडद्यावर जो ईमेल अर्धवट दिसत होता, तो काकांचा नव्हता. पहिली दोन अक्षरंसुद्धा जुळत नव्हती. दुकानात गेलो. ते दुकान आता मोबाइलची कव्हरं विकतं. तो मुलगा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. त्याचा फोन मिळवला. बिचारा चांगला होता, आठवून आठवून त्याने तीन ईमेल सांगितले. एकातही किल्ली नव्हती. मायक्रोसॉफ्टकडे अशा किल्लीची दुसरी प्रत नसते, दुरुस्ती केंद्राकडे नसते, माझ्याकडे कुठून असणार? डिस्क अगदी ठणठणीत आहे, फोटो तिथेच आहेत, आणि ते उघडणारं कोणी नाही. काकू मला म्हणाल्या, "अगं, म्हणजे लॉकरमध्ये आहे पण बँकच गेली, असंच ना?" मी म्हटलं, हो काकू, असंच.

तो लॅपटॉप काकूंनी तसाच कपाटात ठेवलाय. पुसून नव्याने सुरू करता येईल, पण त्यांचं मन होत नाही.

म्हणून सांगते, नवा लॅपटॉप दुकानात उघडू देऊ नका. घरी आणा, स्वतःच्या टेबलावर ठेवा, आणि ज्याला वापरायचा आहे त्याने स्वतः समोर बसावं. नातवाने शेजारी बसावं. कीबोर्डवर बोटं मात्र आजोबांचीच हवीत. तासभर लागेल, लागू दे. ईमेल आपला, पासवर्ड आपण ठरवलेला, आणि पासवर्ड विसरला तर ज्या मोबाइलवर कोड येतो तो नंबरही आपला. अमेरिकेतल्या मुलाचा नको. इथे दुपारी कोड मागितला तर तो तिकडे झोपलेला असतो. पुढे तो स्थान, जाहिराती, अमुकतमुक माहिती पाठवू का असं विचारतो. तिथे 'नाही' म्हटल्याने काहीही बिघडत नाही. मग ऑफिसची, खेळांची, जास्तीच्या जागेची वर्गणी विकायला येतो. ती पानं 'आत्ता नको' म्हणून पुढे ढकला.

मग मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर आपल्या अकाउंटमध्ये जा, आपल्या लॅपटॉपच्या नावाखाली रिकव्हरी की दिसेल. ते ४८ आकडे कागदावर उतरवा. हो, कागदावर, पेनाने. किल्लीबरोबर एक ओळख क्रमांक असतो, तोही लिहा. हा कागद फ्लॅटच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको, नाहीतर चोराला कुलूप आणि किल्ली एकदमच दिल्यासारखं होईल. आणि घरातल्या आणखी एका माणसाला सांगा की फाइलमध्ये असा कागद आहे. आपण सोसायटीत नॉमिनेशनचा फॉर्म भरतो ना, तसंच हे. ज्यांच्याकडे आधीच दुकानातून सेट होऊन आलेला लॅपटॉप आहे त्यांनी आज घरी जाऊन सेटिंग्जमध्ये अकाउंट्सच्या पानावर कोणाचा ईमेल आहे तेवढं बघा. दुसऱ्याचा निघाला तर काहीही करण्याआधी सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. आता पिनने उघडतोय तोवर सगळं शक्य आहे.

वनड्राइव्हबद्दल दोन शब्द, कारण यात फार गोंधळ होतो. विंडोज त्याला बॅकअप म्हणतं, पण ते खरं तर दोन्हीकडे सारखं ठेवणं आहे. तिकडे पुसलं की इकडेही पुसलं जातं. फुकट जागा फक्त ५ जीबी. फोनमधले दोन लग्नांचे व्हिडिओ टाकले की ती भरते, आणि मग जागा विकत घ्या म्हणून मागे लागतो. कित्येक जण वैतागून तिकडचं पुसायला जातात आणि इकडचं घालवून बसतात. त्याऐवजी एक टेराबाइटची बाहेरची डिस्क घ्या, आणि महिन्यातून एकदा, मेंटेनन्सचा चेक लिहिता त्या दिवशी, फोटो आणि कागदपत्रं तिच्यावर उतरवून ती काढून कपाटात ठेवा. कायम जोडून ठेवलेली डिस्क ही दुसरी प्रत नव्हे. लॅपटॉपवर जे संकट येईल ते तिच्यावरही येईल.

आता थोडं आपल्या सोसायटीचं. समितीने ऑफिससाठी नवा लॅपटॉप घेतलाय. त्यावर गेली पंचवीस वर्षं येणार आहेत: सभासदांची 'आय' नमुन्यातली नोंदवही, सभांची इतिवृत्तं, मेंटेनन्सचे हिशेब, गणपतीचा जमाखर्चसुद्धा. मी समितीला एकच अट घातली. त्याचा ईमेल सोसायटीच्या नावाचा हवा, सेक्रेटरींचा स्वतःचा नको, आणि कोड येणारा मोबाइल नंबरही ऑफिसचाच हवा. आत्ताचे सेक्रेटरी सज्जन आहेत, प्रश्न तो नाही. निवडणूक झाली, समिती बदलली, की किल्ल्या जशा द्यायच्या तसं हेही द्यायचं: बंद पाकिटात पासवर्ड, ४८ आकडे, आणि इतिवृत्तात त्याची एक ओळ.

जुन्या लॅपटॉपवर एक गंमतच झाली आहे. २००१ ते साधारण २०१० पर्यंतची इतिवृत्तं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेली आहेत. त्या काळी मराठी टाइप करायची ती हीच रीत होती. त्यात संगणकाच्या लेखी सगळी अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त फॉण्ट त्यांना मराठीचे मुखवटे चढवतो. नव्या लॅपटॉपवर तो फॉण्ट नाही, म्हणून 'सर्वसाधारण सभा' उघडली की कंस, डॉलर आणि आश्चर्यचिन्हांची रांगोळी दिसते. हे युनिकोडमध्ये बदलून घेणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं त्यात हमखास घसरतात, म्हणून एका माणसाने मूळ इतिवृत्त पुस्तक हातात धरून ओळ न् ओळ ताडून बघायला हवी. आणि जुना लॅपटॉप भंगारात द्यायच्या आधी प्रत्येक फाइलची त्याच लॅपटॉपवर पीडीएफ करून घ्यायला हवी, म्हणजे निदान चित्र तरी राहील. सी विंगमधल्या दोन निवृत्त शिक्षिकांनी ताडून बघायचं काम अंगावर घेतलंय. पहिल्या विशेष सभेत पाण्याच्या टाकीवरून किती भांडण झालं होतं, ते वाचून त्या दोघी हसत सुटल्या होत्या.

नव्या लॅपटॉपवर मराठीसाठी काही विकत घ्यावं लागत नाही. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेजमध्ये मराठी जोडा. मराठी फोनेटिक कीबोर्ड निवडलात तर इंग्रजीत उच्चारासारखं लिहायचं, तो देवनागरी करून देतो. ज्यांना बसून शिकायचंय त्यांनी इनस्क्रिप्ट शिकावा, माझं मत विचाराल तर तोच. एकदा हात बसला की कुठल्याही संगणकावर तोच चालतो. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल. झालं.

आता तुम्ही ज्याची वाट बघताय ते: बरोबर काय काय घ्यायचं. माझं उत्तर ऐकून दुकानदार पुन्हा नाराज होणार. अँटिव्हायरस आत्ता नको. विंडोजमध्ये आधीपासून आहे तो घरच्या वापराला पुरतो. लॅपटॉपबरोबर आलेला महिनाभराचा फुकटचा काढूनच टाका, नाहीतर तो रोज घाबरवतो. कीबोर्डवरची रबरी त्वचा नको. काही लॅपटॉपांत हवा कीबोर्डमधूनही खेळते, आणि बऱ्याचदा ती झाकण बंद होताना पडद्यावर दाबते.

माऊस मात्र घ्याच, बोटांना फार आराम पडतो. त्याचा नखाएवढा रिसीव्हर बहुधा माऊसच्या पोटात दडवलेला असतो, खोक्याबरोबर टाकून देऊ नका. मान दुखत असेल तर वेगळा कीबोर्ड घ्या आणि लॅपटॉप उंचावर ठेवा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यायला हवी. स्टँड नसला तर तीन-चार जाड दिवाळी अंक रचले तरी चालतं; वाचून झालेले घ्या म्हणजे झालं. फक्त खालची हवेची जाळी बंद होऊ देऊ नका. उशीवर, गादीवर लॅपटॉप ठेवून बसणाऱ्यांचे पंखे ओरडतात ते त्यामुळेच.

ज्यांच्याकडे डिजिटल सहीचा टोकन आहे, त्यांनी लॅपटॉपला जुन्या पद्धतीचं, चौकोनी यूएसबी भोक आहे ना ते बघा. काही पातळ लॅपटॉपना फक्त नवी छोटी सी-टाइप भोकं असतात, तिथे हब लागतो. चार्जर मूळचाच वापरा. मोबाइलचा २० वॉटचा सी-टाइप चार्जर त्यात बसतो, पण ६५ वॉट मागणाऱ्या लॅपटॉपला तो पुरत नाही.

आणि प्लग. यावर मी जरा रेंगाळणार आहे. चार्जरला तीन पिना असतील तर तिसरी, जाड पिन अर्थिंगची असते. आपल्या इमारतीत कित्येक घरांत पलंगाजवळ दोन पिनांचं सॉकेट आहे, म्हणून लोक मध्ये कन्व्हर्टर घालतात आणि अर्थिंग तुटतं. मग धातूच्या लॅपटॉपवर मनगट ठेवलं की मुंग्या आल्यासारखं होतं. "काहीतरी सळसळतंय" असं सांगत मला तीन जणांनी बोलावलंय. तिन्ही ठिकाणी कन्व्हर्टर निघाला. तो काढा, चांगला स्पाइक गार्ड तीन पिनांच्या सॉकेटमध्ये लावा. आणि सॉकेट पंचवीस वर्षांचं असेल तर अर्थिंग खरंच येतंय का, ते इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. लॅपटॉपपेक्षा गीझरसाठी ते जास्त गरजेचं आहे. पावसात विजा कडाडायला लागल्या की चार्जर काढून ठेवायचा, तेवढं बॅटरीवर चालतं.

बॅटरीचं म्हणाल तर बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. सतत प्लगला लावून बसणाऱ्यांनी ती चालू करावी. टचपॅड वर आल्यासारखा वाटला किंवा झाकण नीट मिटेनासं झालं, तर बॅटरी फुगली आहे. चार्ज करू नका, दाबून बघू नका, सरळ दुरुस्ती केंद्रात न्या.

एक भीतीची गोष्ट. पडद्यावर मोठ्या लाल अक्षरात 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं आलं, भोंगा वाजायला लागला, तर फोन करायचा नाही. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, बंद होईल. फोनवरचा माणूस कितीही गोड बोलला तरी त्याच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारं ॲप घालायचं नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, तत्काळ १९३० ला फोन करा. जितका लवकर तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. नातवंडं लॅपटॉप वापरत असतील तर त्यांना वेगळं, साधं अकाउंट करून द्या, म्हणजे खेळाबरोबर आलेलं भलतंसलतं तुमच्या अकाउंटमध्ये शिरणार नाही.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता मी इथेच बसणार आहे. ज्यांना रिकव्हरी की उतरवायची आहे त्यांनी लॅपटॉप, चार्जर, मोबाइल आणि एक वही आणा. पासवर्ड मला सांगू नका, तुम्हीच टाइप करा, मी तेवढ्यात तोंड फिरवीन. चहाचं सामान बी विंगने कबूल केलंय. आणि तीन पिनांचा एक लांब एक्स्टेन्शन बोर्ड कोणाकडे असेल तर तेवढा घेऊन या, सभागृहात चालू सॉकेट दोनच आहेत.